पाव तास आधीचं पाणी

वाडीतला सुकतीचा मेसेज बंद पडला त्याच्या दुसऱ्या दुपारी मी धडधाकट गडगा उपसत बसलो होतो. गडगा म्हणजे आमच्याकडे आवाराला घालतात तो जांभ्या दगडाचा बांध. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड नुसता बसवायचा. हा मीच रचलेला. कुठे ढासळला नव्हता. पण बायको गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. पडवीत बसलो की खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, जावंसं वाटतं, खळ्यात गेलो की परसात. हाताला काही हवं म्हणून चांगला गडगा पाडायचा आणि परत रचायचा. लोक बघतात, बोलत नाहीत. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणत असतील. म्हणू देत.

शेजारची वयनी बेडं, म्हणजे आवाराचं बांबूचं फाटक, ढकलून आत आली. मुळे, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला गेलेली; लुगडं कमरेपर्यंत ओलं, पायाला चिखल, हात रिकामे.

"भाऊजी, तुमच्या लेकीच्या मशीनीनं आज माझी टोपली खाडीत बुडवलीन."

"मशीन घरात आहे. खाडीत काय पोहायला गेली होती?"

"थट्टा नको. काल संध्याकाळी मेसेज आला नाय. मी म्हटलं, कालच्यापेक्षा पाऊण तास पुढं धरू. मुळे काढत बसले, मागं बघते तर पाणी आलेलं. टोपली टाकली नि पळाले. केवढाले मुळे मिळाले होते!"

"जीव आणलास ना?"

"जीवाचं कालवण होतं काय?" असं म्हणून ती लुगडं पिळत पिळत घरी गेली.

मी हातातला दगड खाली ठेवला आणि आत गेलो. लेक माजघरात लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला म्हटलं, "मेसेज गेला नाही म्हणे."

"माहीत आहे," ती म्हणाली. मान वर केली नाही. "कालपासून तेच बघतेय."

इथं थोडं मागचं सांगायला हवं.

आमचं गाव नाटे गावाच्या अंगाला, खाडीच्या वळणावर आहे. सुकती म्हणजे ओहोटी. सुकतीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि वाडीतल्या बायका मुळे काढायला उतरतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथं शेंबड्या पोरालाही येतं. पण ती समुद्राची वेळ. वळणावर पाणी मागाहून फिरतं, आणि किती मागाहून ते रोज सारखं नसतं. पुनव-अवसेच्या उधाणाला एक, अष्टमीच्या भांगाला दुसरं. ते माझी बायको सांगायची. लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू सांगायची, मग ही सांगायला लागली. तिन्हीसांजेला बायका बेड्यापाशी यायच्या. हिलाही सगळे वयनीच म्हणायचे. "वयनी, उद्या किती वाजता?" ही भाकरी थापता थापता आतूनच ओरडायची, "चाराला पाणी फिरणार. चाराला बाहेर!" संपलं. कुणी का विचारायचं नाही.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर नको म्हणायचे म्हणून सुटली. आयुष्यभर चिरे बसवले. खाडीत माझं काही काम नव्हतं आणि मी कधी त्यात लक्षही घातलं नाही. ती मला म्हणायची, "साडेपाचापर्यंत येते," आणि पाचालाच न्हाणीघरात पाय धुवायचा आवाज यायचा. सगळ्या संसारात ती उशिरा आली असं एकदाही झालं नाही.

पुढं तिचे गुडघे गेले, मग छातीचं दुखणं सुरू झालं. खाडीत जाणं बंद. लेक पुण्याच्या एका कंपनीत काँप्युटरचं काम करते, आणि ते काम घरूनही करता येतं म्हणून ती बरेच दिवस इथं येऊन राहिली होती. तिनं आईशेजारी बसून एक प्रोग्राम लिहिला. चंद्र कुठं आहे ते तो बघणार, समुद्राचं पाणी काढणार, त्यावर आमच्या वळणाचा उशीर चढवणार, आणि संध्याकाळी वाडीतल्या बायकांच्या फोनवर वेळ पाठवणार. टीव्हीखाली एक डबी आहे, विड्याच्या डब्याएवढी. त्या डबीत तो प्रोग्राम चालतो. आधी बायकोनं नाक मुरडलं. "माझं काम डबीला देतेस होय गो?" मग रोज संध्याकाळी आपली वेळ आणि डबीची वेळ ताडून बघायला लागली. जुळली की, "शिकली हो डबी," म्हणायची. लेकीनं त्या सगळ्या वेळा तिच्या तोंडून ऐकून प्रोग्रामबरोबरच ठेवून दिल्या होत्या. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

मग ती गेली. रत्नागिरीच्या दवाखान्यात होती. लेक मधेच कामाला पुण्याला गेली होती, ती तिथून निघालेली, अजून घाटात. मी खाटेशेजारी स्टुलावर. ती मला म्हणाली, "जा, चहा पिऊन या. मला वेळ आहे अजून." मी गेलो. टपरीवर चहा घेतला, तोही निवांत, फुंकून फुंकून. वर आलो तर चादर डोक्यावरून ओढलेली. याचा मला आजतागायत राग आहे. खाडीच्या पाण्याची वेळ जिला कळायची तिला स्वतःची कळू नये? की कळली होती आणि मला खोटं सांगितलं? हेच डोक्यात घेऊन मी वर्षभर खळ्यातून परसात आणि परसातून खळ्यात करत होतो.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा येईना. म्हणजे कावळे होते, समोरच्या माडावर चांगले पाच-सहा बसले होते, पण खाली उतरेनात. असं झालं की माणसं मेलेल्याला शब्द देतात. माझा चुलतभाऊ पुढं होऊन म्हणाला, "आम्ही दादाला सांभाळू." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, "घराला रंग काढू." नाही. भटजी घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढं दुसरीकडे जायचं होतं. तेव्हा वयनी माझ्या लेकीला कोपरानं ढोसून म्हणाली, "सुकतीचं बोल गो."

लेक हात जोडून म्हणाली, "आई, तुझी सुकतीची वेळ मी बंद पडू देणार नाही. तू सांगायचीस तशीच बायकांना कळत राहील."

कावळा उतरला.

कावळ्याला भूक लागली असेल, एवढं मलाही समजतं. पण शब्द गेला तो गेला, तोही कावळ्यासमोर. आणि आता वर्षश्राद्ध पंधरवड्यावर आलेलं असताना मेसेज बंद. म्हणून मी लेकीपाशी उभा राहिलो आणि म्हटलं, "कुठं मोडलंय ते मला नीट सांग."

"बाबा, तुम्हाला नाही कळणार."

"नाही कळलं तर तुझं काय जातंय?"

मग तिनं सांगितलं. आपला प्रोग्राम सगळा आपण लिहिलेला नसतो. चंद्र कुठं आहे हे काढणं कठीण, ते कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांची नव्हे. आपण ती आयती घ्यायची आणि तिच्यावर आपलं बांधायचं. ती लायब्ररी आणखी दुसरीवर टेकलेली, ती तिसरीवर. लेकीनं आपला प्रोग्राम एका मोठ्या सामायिक कोठारात ठेवला होता, म्हणजे दुसऱ्या खाडीवरच्या कुणालाही तो फुकट घेता यावा. अशा गाठोड्याला पॅकेज म्हणतात. आमची डबी त्या कोठारातूनच आपलं सामान भरते. आता चंद्राच्या लायब्ररीची नवीन आवृत्ती आली. डबीनं ती आपसूक घेतली. आणि आपला प्रोग्राम तिच्यावर बसेना.

"बिल्ड होत नाही," ती म्हणाली. "बिल्ड म्हणजे बांधणं, बाबा."

हे मला लगेच समजलं. आमच्या खाणीत पूर्वी चिरा हातानं तासायचे. मग यंत्र आलं आणि चिऱ्याचं माप बदललं. बोटभर फरक. जुन्या घराला नवी खोली काढायची म्हटली की थर जुळत नसत. खालच्या तीन ओळी ठीक दिसायच्या, चौथ्या ओळीला दार तिरकं.

"मग जुनाच चिरा आण," मी म्हटलं. "जुनी लायब्ररी ठेव."

"ती खाण बंद झाली, बाबा. कोठारात आता नवीनच मिळते. बाकी सगळी पॅकेजं नवीनवर गेली. मी एकटीच जुनीला धरून बसले तर मलाच बाहेर काढतील."

तसं पत्रही आलं होतं तिला. कोठार सांभाळणारा कुणी माणूस आहे, कुठल्या देशातला आहे ते लेकीलाही माहीत नाही. कधी भेटलेले नाहीत, फक्त लिहितात. त्यानं लिहिलं होतं की तुमचं पॅकेज बिल्ड होत नाही, या आठवड्यात दुरुस्त करा, नाहीतर काढावं लागेल, वाईट वाटतं. चांगला माणूस असावा. वाईट वाटतं असं कोण लिहितो?

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लेक जेवणाच्या सुट्टीत आणि कंपनीचं काम संपलं की प्रोग्रामशी झटत राहिली. मी सारखा आत-बाहेर. दोन दगड लावायचे, आत जाऊन विचारायचं, "बसला?" ती म्हणायची, "नाही." परत दोन दगड. एकदा म्हणाली, "पूर्वी या लायब्ररीला नुसतं गाव सांगितलं की ही चंद्र सांगायची. आता गाव, वेळ, आणि ती वेळ कुठल्या देशाची, सगळं सांगावं लागतं." तेवढं तिनं बदललं. मग दुसरीच तक्रार निघाली, एका हाकेचं नाव बदललेलं. पूर्वीच्या नावानं हाक मारली की आत कुणी ओ देत नाही. तेही बदललं. संध्याकाळच्या बायका बेड्यापाशी येऊन उभ्या राहायच्या, पूर्वीसारख्या. आणि आतून ओरडणारं कुणी नाही. मी म्हणायचो, "अंदाजानं जा, आणि लवकर या." त्या तोंडं वाकडी करून जायच्या.

तिसऱ्या दिवशी लेकीनं मला हाक मारली. मी धावत गेलो, हाताला माती तशीच. पडद्यावर ओळीच्या ओळी. बहुतेक इंग्रजी, पण मधेमधे मराठी नावं होती, ती मला हळूहळू वाचता आली. आई त्रयोदशी. आई पुनव. आई अष्टमी. सगळ्या लाल.

"हे काय?"

"बांधून झालंय, बाबा. पण बांधल्यावर तपासतात. टेस्ट म्हणतात. आईनं तोंडानं सांगितलेल्या वेळा मी टेस्ट म्हणून ठेवल्या होत्या. प्रोग्रामनं काढलेली वेळ आईच्या वेळेशी जुळली तर पास."

"आणि लाल म्हणजे?"

"नापास."

"आईला नापास केलंस?"

"मी नाही केलं!" तिचा आवाज चढला. मग खाली आला. "सगळ्यांत सारखाच फरक येतोय. पाव तास. आई म्हणते चार, तर ही म्हणते सव्वाचार. एकही दिवस सोडलेला नाही."

"मग ही लायब्ररी चुकतेय."

"मलाही तसंच वाटलं. पण मी आत शिरून बघितलं. जुनी लायब्ररी चुकत होती. ती चंद्र जरा आधी धरायची. कुणीतरी ती चूक शोधली आणि सुधारली. नवीन बरोबर आहे." तिनं लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. "जुनी चुकीची होती आणि आईशी जुळत होती. म्हणजे काय ते तुम्हीच बघा."

मी बघितलं नाही. बघायचं नव्हतं. मी म्हटलं, "चाळीस-पन्नास वर्षं सगळी वाडी तिच्या शब्दावर खाडीत उतरली. एक बाई बुडाली नाही. तुझी कालची लायब्ररी आली आणि ती चुकली?"

"मी कुठं असं म्हणतेय?"

"मग काय म्हणतेस?"

कोठारवाल्याचं परत पत्र आलं. त्यानं सोपा उपाय सांगितला होता: टेस्ट वगळा. तेवढ्या ओळी पुसल्या की गाठोडं पुढं जाईल, बाकी सगळं ठीक आहे. लेक म्हणाली की हे सगळेच करतात. लायब्ररी बदलली, टेस्ट अडली, की टेस्टला गप्प बसवायचं.

"आईला गप्प बसवून मेसेज पाठवणार?" मी विचारलं. "कावळ्यासमोर काय म्हणालीस? 'तू सांगायचीस तशीच.'"

ती उठून परसात गेली आणि नळ सोडून तोंड धुवत बसली, बराच वेळ. आई गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलेलं नाही. नळ मात्र खूप वेळा सोडते.

मला वाटलं, मी जास्त बोललो. पण जे वाटलं ते बोललो.

ती परत आली ती ओढणीनं तोंड पुसत. "उद्या त्रयोदशी आहे. सुकती दुपार कलल्यावर आहे. खाडीवर जाऊन उभं राहू या. पाणी कधी फिरतं ते डोळ्यांनी बघू. मग कळेल कोण चुकतंय."

"मी येत नाही."

"या हो बाबा."

खाडीकडे मी दहाव्यानंतर गेलो नव्हतो. बायकोच्या खाडीत जायच्या चपला पडवीत खांबापाशी आहेत. त्यांना तिच्या शेवटच्या खेपेचा चिखल आहे, वाळून पांढरा पडलेला. मी तो काढत नाही. त्या वाटेनं जायचं म्हणजे त्या चपलांवरून जायचं. रात्री म्हटलं नाही जाणार. सकाळी म्हटलं बघू. दुपारी लेक छत्री घेऊन खळ्यात उभी राहिली, तसा गेलो.

वळणावर एक खांब आहे, पूर्वी होडी बांधायचे तो. सडून निम्मा झालाय, पण त्याच्यावर पाणी चढलं-उतरलं ते छान कळतं. आम्ही दोघं काठावर बसलो. म्हणजे ती बसली, मी येरझारा घालत होतो. खाली चिखलात वयनी आणि आणखी चार-पाच जणी वाकून मुळे काढत होत्या. वयनीकडे नवी टोपली होती आणि ती ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती.

लेकीनं फोनमध्ये बघितलं. "आईच्या हिशेबानं आता चार वाजता पाणी फिरायला हवं."

चार वाजले. पाणी अजून जात होतं. खांबाच्या बुंध्याला जी शेवाळाची रेघ आहे ती हळूहळू उघडी पडत होती. मी खांबाकडे असा बघत होतो, की बघून बघून पाणी फिरवीन. फिरलं नाही. चार होऊन पाच मिनिटं. दहा. एक खेकडा खांबाच्या मुळाशी येऊन बसला आणि परत गेला. पाणी थबकलं. मग चिखलातल्या एका भोकातून बुडबुडा आला आणि पाण्याची कड आत सरकली.

लेकीनं फोन माझ्यापुढं धरला. सव्वाचार होऊन गेले होते.

मला त्या खांबाला लाथ घालावीशी वाटली. एवढी वर्षं. सगळी वाडी. आणि ती चुकत होती, आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. लेकीचे डोळे खाडीवर होते. ती म्हणाली, "आता मी काय करू? तिच्या वेळा टेस्टमधून काढू? की सगळ्या पाव तासानं बदलून टाकू आणि खाली आईचं नाव ठेवू?"

तेवढ्यात वयनी वर आली. टोपली दगडावर आपटली. "काय झालं बाप-लेकीला? कोण मेलं परत?"

लेकीनं सांगितलं. आई चार म्हणायची, पाणी सव्वाचाराला फिरलं. लायब्ररी बरोबर. आई पाव तास चुकत होती, रोज.

वयनी आधी बघत राहिली. मग हसायला लागली. एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. मागून येणाऱ्या बायांना तिनं ओरडून सांगितलं, "ऐकलंत काय गो? ही म्हणते हिची आयस चुकायची!"

"हसायला काय झालं?" मी म्हटलं.

"अहो भाऊजी, ती चुकत नव्हती, ती आमाला खोटं सांगायची. पाव तास आधीची वेळ सांगायची. बायका कशा असतात तुमाला ठावं नाय? पाणी फिरलं तरी, एवढे चार मुळे काढते नि येते, एवढे चार. एक उठत नाय तोवर दुसरी उठत नाय. आमच्यातली एक त्या अंगाला चिखलात रुतली होती, तुमचं लगीन झालं त्या सालची गोष्ट. कमरेवर पाणी आलं तेव्हा हिच्या सासूनं ओढून काढलीन. तेव्हापासून आधी सासू पाव तास कापायची, मग ही."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?" लेकीनं विचारलं.

"सगळ्यांना ठावं. म्हणून तर आमी ती चार म्हणाली की चारावर थोडं बसायचो." टोपलीतला एक मुळा उचलून तिनं बाजूला टाकला, मेलेला निघाला होता. "आमी बसतो हे तिलाही ठावं होतं. बोलली नाय कधी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कधी? तू मशीन करत होतीस. आमाला वाटलं आयशीनं सांगितलं असंल."

लेक उठून उभी राहिली. आता तिच्या तोंडावर वेगळंच काही होतं. ती भराभर बोलायला लागली, अर्धं स्वतःशीच. "जुनी लायब्ररी चुकून पाव तास आधी होती, आणि आई मुद्दाम पाव तास आधी होती. दोन्ही जुळलं म्हणून मी खूश झाले, म्हटलं आई किती अचूक. तो पाव तास माझ्या प्रोग्राममध्ये कुठंच लिहिलेला नव्हता, बाबा. दुसऱ्याच्या चुकीवर टेकून उभा होता. त्यांनी चूक काढली आणि आईचा पाव तास पडला."

"म्हणजे आता?"

"म्हणजे आता तो मी लिहिणार."

घरी येऊन तिनं चहासुद्धा घेतला नाही. वयनी मागोमाग आली, तिला बघायचं होतं. लेकीनं प्रोग्राममध्ये एक ओळ घातली आणि तिला मराठी नाव दिलं, मला वाचता येईल असं: आईचा पाव तास. पाणी खरं कधी फिरणार ते लायब्ररीनं काढायचं, आणि त्यातून आईचा पाव तास वजा करायचा. मग तिनं बांधायला लावलं. ओळी धावायला लागल्या. मी पडवीत गेलो, परत आलो. आई त्रयोदशी. हिरवी. आई पुनव. हिरवी. आई अष्टमी हिरवी. एकाही वेळेला हात लावलेला नव्हता.

"पास झाली काय गो वयनी?" वयनीनं विचारलं. डबीला विचारत होती की माझ्या बायकोला, कुणास ठाऊक.

लेकीनं त्या परदेशी माणसाला लिहिलं, आणि त्यात आईचा पाव तास म्हणजे काय तेही लिहिलं, कारण पुढं कुणी शहाणा ती ओळ चूक म्हणून काढून टाकील. त्याचं उत्तर आलं की पॅकेज घेतलं आहे, आणि त्यांच्या किनाऱ्यावर त्याची आजीही असंच करायची. लेकीनं ते वाचून दाखवलं आणि परसात नळापाशी गेली. या वेळी नळ सोडला नाही. तशीच रडली. वयनी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मी तिथं काय करणार, मी गडग्याकडे गेलो. दगड लावायचा होता तो हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो.

वर्षश्राद्धाला पान ठेवलं तर कावळ्यानं वाट बघितलीच नाही. भटजींचा मंत्र पुरा व्हायच्या आधी वड्यावर चोच मारली. चुलतभाऊ म्हणाला, "वयनी तृप्त आहे."

त्या दुपारी सगळी जेवून गेल्यावर मी एकटाच खाडीवर गेलो. मेसेज आता मलाही येतो, लेकीनं माझा नंबर बायकांच्या ग्रुपमध्ये घातलाय. वेळ झाली तशा बायका कुरकुरत वर आल्या. एकमेकींच्या टोपल्या बघत, सुनांना नावं ठेवत काठावर उभ्या राहिल्या. पाणी अजून जातच होतं. मग फिरलं. खाली चिखलात माणूस नव्हतं. पाण्याची कड त्यांच्या पावलांच्या खळग्यांत शिरली, एकेक खळगा भरत गेली.

ते बघताना मला टपरीवरचा चहा आठवला. "जा, चहा पिऊन या. मला वेळ आहे अजून." तिला सगळ्यांना आधी बाहेर काढायची सवय होती. मलाही काढलंन की काय, पाणी यायच्या आधी? असेल, नसेल. विचारायला ती नाही. राग आहे तो आहेच. पण आता तो टोचत टोचत मला उठवत नाही.

वयनीनं टोपली डोक्यावर घेतली. "भाऊजी, चला. पाणी आलं."

"तुम्ही व्हा पुढं," मी म्हटलं. "मी बसतो जरा."